आत बसलेला माणूस

आमच्या नंदनवनात कर्मवीर दादासाहेब कन्नमवार यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सगळे त्याला केडीके म्हणतात. ऑटोवाल्याला पूर्ण नाव सांगितले, तर तो गोंधळून आपल्याकडेच पाहतो. कन्नमवार १९६२ साली महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरातच, पदावर असतानाच गेले. त्यांच्या नावाची तीन अक्षरे तेवढी आता पूर्व नागपुरात फिरत असतात. माणूस त्या अक्षरांमागे कुठेतरी राहून गेला.

हे आठवायचे कारण शेजारच्या घरातला एक मुलगा. इंजिनीअर झाला, नोकरी मनासारखी मिळाली नाही, म्हणून आता स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. मी बँकेत होतो आणि कादंबऱ्याही लिहितो, तेव्हा मला सगळेच ठाऊक असणार, असा त्याचा एक गोड गैरसमज आहे. गेल्या महिन्यात तो वही घेऊन आला. म्हणाला, "काका, रा. सू. गवई म्हणजे माजी सरन्यायाधीश भूषण गवईंचे वडील ना?"

मी म्हटले, "हो. दादासाहेब गवई. आमदार होते, खासदार होते, राज्यपाल होते."

"ते पाठ आहे माझं. पण त्यांनी केलं काय?"

मी तोंड उघडले आणि मिटले. पदांची यादी सांगून झाली होती. त्यापलीकडचे उत्तर एका वाक्यात देता येईना. जांबुवंतराव धोट्यांबद्दल त्याने विचारले असते तर मी एका दमात सांगितले असते. गवईंबद्दल सांगता येत नाही, हा दोष माझा की त्यांच्या कामाचा, याचा मी त्यानंतर बरेच दिवस विचार करतो आहे. आजचा हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी नुसता हिशेब मांडू. रामकृष्ण सूर्यभान गवई यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ चा, अमरावती जिल्ह्यातील दारापूरचा. १९६४ साली ते विधान परिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत तिथेच राहिले. त्यातली १० वर्षे उपसभापती, १९७८ ते १९८२ सभापती, पुढे विरोधी पक्षनेते. १९९८ साली लोकसभेत, २००० ते २००६ राज्यसभेत. मग बिहारचे राज्यपाल, मग केरळचे, ते थेट सप्टेंबर २०११ पर्यंत. २५ जुलै २०१५ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले. म्हणजे ३५ हून अधिक वर्षे हा माणूस कुठल्या ना कुठल्या सभागृहात बसलेला होता. एवढी सलग नोकरी आमच्या बँकेतही फारच थोड्यांनी केली असेल, आणि आम्हाला दर सहा वर्षांनी कुणाची मते मागावी लागत नव्हती.

योगायोग असा की, गवई परिषदेत आले त्याच वर्षी, १९६४ च्या ऑगस्टमध्ये, यवतमाळच्या जांबुवंतराव धोट्यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, आणि सभागृहाने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले. त्या पेपरवेटने धोटे विदर्भाच्या घराघरात पोचले. १९७१ मध्ये सगळ्या देशात इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरकरांनी त्यांना फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर लोकसभेत पाठवले. ती दाढी, तो आवाज, ती गर्दी. माझ्या लहानपणी मोठी माणसे त्यांच्या सभेची गोष्ट सांगताना उठून उभी राहत. पुढे १९८० मध्ये तेच धोटे इंदिरा काँग्रेसकडून नागपूरचे खासदार झाले, आणि ज्या विदर्भ राज्यासाठी एवढे रान पेटवले ते राज्य ते २०१७ मध्ये गेले तेव्हाही झालेले नव्हते. पण लोक त्यांना विसरले नाहीत. फेकलेली वस्तू लक्षात राहते. घंटा वाजवून सभागृह शांत करणारा हात कोण लक्षात ठेवतो?

मी तो हात पाहिला आहे. कॉलेजात असताना एका मित्राच्या मामाने हिवाळी अधिवेशनाचे पास मिळवून दिले होते. आम्हाला खरे तर विधानसभा पाहायची होती, पण पास निघाला परिषदेचा. हिरमुसून वर जाऊन बसलो. विषय कसला चालला होता ते अजिबात आठवत नाही. आठवते ते एवढेच, की उंच खुर्चीवरचा माणूस समोरच्या गलक्याकडे कमी आणि पुढ्यातल्या कागदांकडे जास्त पाहत होता. मित्र कंटाळून झोपला. मला मात्र, का कोण जाणे, ते आवडले होते. पुढे शाखाधिकारी झालो आणि काउंटरपुढे गर्दी उसळली असताना रजिस्टरात मान घालून बसायची वेळ आली, तेव्हा ती खुर्ची पुष्कळदा आठवली.

पण त्या खुर्चीची एक किंमत असते, आणि गवईंना ती कितीला पडली असेल हे मला कितीतरी उशिरा कळले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवार नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. गवई परिषदेचे सभापती होऊन दीड महिनादेखील झाला नसेल. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, हजारो घरे उठली. इकडे नागपुरात रस्त्यावर उतरलेल्यांवर गोळीबार झाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जोगेंद्र कवाडे दीक्षाभूमीवरून लाँग मार्च घेऊन औरंगाबादकडे निघाले.

आता त्या खुर्चीचा नियम पाहा. सभापती चर्चेत भाग घेत नाही. तो मतही देत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तरच त्याचे एक मत. बाहेर ज्यांची घरे जळत होती ती गवईंची माणसे. त्यांच्याच चळवळीतला माणूस सभागृहातल्या सगळ्यांत मोठ्या खुर्चीवर, आणि खुर्चीत असेपर्यंत बोलायची मुभा इतर प्रत्येकाला, त्याला तेवढी नाही. नामांतर, तेही नामविस्ताराच्या रूपाने, अखेर झाले १४ जानेवारी १९९४ रोजी. ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी. गवईंची परिषदेतली कारकीर्द संपली तेही १९९४ हेच साल.

त्या काळात चळवळीतली तरुण मुले त्यांच्यावर चिडून असायची. माझे काही मित्र होते इंदोऱ्याचे. "आपला माणूस खुर्चीवर बसून काय उपयोग?" हा त्यांचा सवाल. मी तेव्हा मान डोलावली होती. आज वाटते, सवाल बरोबर होता, पण अर्धा होता. आपला माणूस त्या खुर्चीवर बसू शकतो, त्याने 'बसा' म्हटले की भल्याभल्या देशमुख-पाटलांना बसावे लागते, हे दृश्यदेखील काही कमी नव्हते. त्याच्या वीस-बावीस वर्षे आधी अशी कल्पना दारापुरात कुणी बोलून दाखवली असती तर लोक हसले असते. पण दृश्याने पोट भरत नाही, आणि जळालेले घर उभे राहत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची वजाबाकी करायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. गवई ३० वर्षे परिषदेत राहिले कुणाच्या जोरावर? विधानसभेत रिपब्लिकन पक्षाचे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि नागपूर-मुंबई-नाशिक अशा गटागटांत वाटलेले. परिषदेत जायचे तर आमदारांची मते हवीत, नाहीतर राज्यपालांची नियुक्ती हवी. आणि दोन्ही किल्ल्या सत्ताधाऱ्यांच्या कमरेला. १९६७ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांशी समझोता केला, तेव्हापासून काँग्रेसशी असलेला तो धागा गवईंनी कधी पूर्ण तोडला नाही. सभागृहात इतकी वर्षे टिकण्यासाठी चळवळीचे स्वातंत्र्य थोडे थोडे गहाण पडत गेले, असे म्हणणाऱ्यांना मी खोटे ठरवणार नाही. गहाणवटीचा व्यवहार मी आयुष्यभर पाहिला आहे. व्याज हळूहळू चढते, आणि सोडवायला जावे तेव्हा मुद्दलाहून जास्त झालेले असते.

मात्र हे म्हणताना सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे उदाहरण जे लोक तोंडावर फेकतात, ते एक गोष्ट विसरतात. शेतकरी कामगार पक्षही लहानच, आणि तरी गणपतराव ११ वेळा लोकांतून निवडून आले. त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. पण गणपतरावांना एक तालुका होता. एकसंध, ओळखीचा, पिढ्यानपिढ्यांचा. गवईंचा समाज गावोगाव विखुरलेला, प्रत्येक गावाच्या एका कडेला, कुठल्याच मतदारसंघात एकटा पुरेसा नाही. खुद्द बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईत पडले, १९५४ मध्ये आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पडले, आणि शेवटपर्यंत बसले ते राज्यसभेत. ज्यांनी घटना लिहिली त्यांना लोकसभेचे दार उघडले नाही. तेव्हा वरच्या सभागृहाला 'मागचे दार' म्हणून नाक मुरडण्याआधी, पुढचे दार कुणाकुणाला बंद होते हे पाहायला हवे. चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती झाले, तेही याच दाराने आत गेले होते.

पुढचे दार एकदा उघडले. १९९८ मध्ये रिपब्लिकन नेते एक झाले आणि काँग्रेसशी तडजोड झाली. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही मतदारसंघ खुले. चौघेही निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रातून भाजपचे खासदार चार आणि रिपब्लिकन पक्षाचेही चार होते, हे आज सांगितले तर परीक्षा देणारी मुले उत्तरपत्रिका तपासायला निघतात. खुर्चीवर गप्प बसलेले गवई आणि रस्त्यावर मोर्चा काढणारे कवाडे एकाच बाकावर आले. ६८ व्या वर्षी गवई पहिल्यांदा लोकांच्या थेट मतांवर सभागृहात गेले.

आणि १३ महिन्यांत सगळे संपले. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने कोसळले, लोकसभा बरखास्त झाली. पुढच्या निवडणुकीपर्यंत एकी राहिली नव्हती. अमरावती पुन्हा शिवसेनेकडे गेली. मला विचाराल तर या सगळ्या कारकिर्दीतले खरे दुःख हे आहे. विधिमंडळाचा ३० वर्षांचा अनुभव असलेला माणूस लोकांनी एकदाच निवडून दिला, आणि त्या वेळी त्याला पुरते वर्षही धड काम करायला मिळाले नाही. त्याचा दोष लोकांचा नव्हता. लोकांनी आपले काम चोख केले होते. दोष एकत्र न राहिलेल्यांचा, आणि त्यांत गवईही आले.

१९८७ च्या सुमारास माझी बदली दर्यापूर तालुक्यातल्या एका शाखेत झाली होती. दारापूर त्याच तालुक्यातले. तो भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातले ते खारे पाणी विहिरीत असते, पण पिकाला चालत नाही. पिणाऱ्याच्या मूत्रपिंडालाही चालत नाही. वर काळीभोर जमीन, खाली मीठ. कर्जाचे अर्ज तपासताना 'सिंचनाची सोय' या रकान्यात मी किती वेळा 'विहीर आहे, पाणी खारे' असे लिहिले असेल, देव जाणे. तिथले एक वृद्ध गृहस्थ हप्ता भरायला येत. एकदा गप्पांत गवईंचा विषय निघाला, तर म्हणाले, "दादासाहेब आमचेच जी. पण त्यांले मत द्याची पाळी आमच्यावर कधी आलीच नाही." तक्रार नव्हती त्यात. नुसती नोंद होती. पण ती मला आमच्या कोणत्याही तपासणी अहवालापेक्षा नेमकी वाटली. ज्याला मत देता येत नाही त्याला जाबही विचारता येत नाही. १९९८ मध्ये ते गृहस्थ हयात होते की नाही, मला माहीत नाही. असले तर त्यांची पाळी एकदा तरी आली असेल. खारपाणपट्टा मात्र अजून खाराच आहे.

राज्यपालपदाबद्दल मी फार लिहिणार नाही. राजभवनात माणसे बहुधा विश्रांतीला जातात. पण एक प्रसंग वगळता येत नाही. जून २००९ मध्ये केरळच्या राज्यपाल गवईंनी लावलिन प्रकरणात पिनराई विजयन यांच्यावर खटला भरायला परवानगी दिली, राज्य मंत्रिमंडळाचा सल्ला विरुद्ध असताना. डाव्या पक्षांनी आकाशपाताळ एक केले. पुढे २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने विजयन यांना आरोपमुक्त केले, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले, आणि त्याआधीच, २०१६ मध्ये, ते मुख्यमंत्री झाले होते. निर्णय बरोबर होता का? मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालाने डावलू नये, या मताचा मी आहे. तरी जन्मभर नियमांच्या वहीत बोट ठेवून बसलेल्या माणसाने ऐंशीच्या उंबरठ्यावर एकदा सगळ्यांना अंगावर घेतले, हे वाचून मी चकित झालो होतो, हेही खरे.

आणि दीक्षाभूमी. दीक्षाभूमीवरच्या स्मारक समितीचे अध्यक्षपद बराच काळ त्यांच्याकडे होते. १९७८ मध्ये सुरू झालेले स्तूपाचे काम रेंगाळत रेंगाळत संपले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २३ वर्षे! एवढ्या काळात माझ्या बँकेची अर्धी कर्जे बुडीत निघाली. समितीच्या कारभारावर टीका करणारे नागपुरात कमी नाहीत, आणि ती टीका त्यांच्या तोंडून ऐकावी. पण दर विजयादशमीला लाखो लोक ज्या घुमटाखाली उभे राहतात तो उभा आहे. "केलं काय?" या प्रश्नाचे हे एक दगडाचे उत्तर.

बाकीचे उत्तर दगडाचे नाही, म्हणून सांगायला कठीण. सभागृहातला मुरलेला सदस्य काय करतो? तो विधेयकातला एक शब्द बदलून घेतो. मंत्र्याला 'माहिती घेऊन सांगतो' म्हणून निसटू देत नाही. नवख्या सदस्याला कोणत्या नियमाखाली उभे राहायचे ते सांगतो. गवई ज्यांचे उपसभापती होते ते वि. स. पागे १८ वर्षे परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजना त्यांच्या डोक्यातून निघाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो लागू झाला, आणि २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर देशाचा कायदा केला. लोकांमधून निवडून न येणाऱ्या सभागृहात बसूनही कोट्यवधी लोकांच्या हाताला काम देता येते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

म्हणूनच अलीकडे जे चालले आहे ते पाहून जीव तुटतो. परिषदेच्या ७८ जागा. त्यांतल्या राज्यपालनियुक्त १२ जागा जून २०२० पासून चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या होत्या. मंत्रिमंडळाने यादी पाठवली, ती राजभवनात पडून राहिली, सरकारे बदलली, प्रकरण कोर्टात गेले. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये सात भरल्या गेल्या. स्थानिक संस्थांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, म्हणून त्यांच्यातून येणाऱ्या जागाही रिकाम्या राहिल्या. आमच्या शाखेत चार वर्षे कॅशिअरची जागा रिकामी राहिली असती तर खातेदारांनी शटर खाली ओढले असते. इथे कुणाला चुकल्यासारखेही वाटले नाही. आणि ज्या नागपूर करारामुळे अधिवेशन इथे येते, ते २०२४ मध्ये १६ डिसेंबरला सुरू होऊन २१ ला आटोपले. सहा दिवस. तेवढ्यात नवा सदस्य बाथरूम कुठे आहे ते शिकतो, नियम कधी शिकणार?

मुलगा परवा पुन्हा आला होता. त्याला मी यातले बरेचसे सांगितले. त्याने नामांतराची तारीख लिहून घेतली, १९९८ चे चार मतदारसंघ लिहून घेतले. मग विचारले, "परिषदेला आपण मत देऊ शकतो का?" मी म्हटले, देऊ शकतो, पदवीधर मतदारसंघ आहे, पदवीला तीन वर्षे झालेली असली की पुरे, पण विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून चालत नाही. नमुना १८ चा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने होते, म्हणजे प्रत्येक वेळी पुन्हा भरावा लागतो. नितीन गडकरी १९८९ पासून २५ वर्षे याच नागपूर पदवीधरमधून परिषदेवर होते, आणि तिथूनच पुढे लोकसभेत गेले.

त्याने वही मिटली. "मग काका, २०२० मध्ये तुम्ही कुणाला दिलं होतं?"

माझे नाव यादीत नव्हते. नोकरीत असताना बदल्यांमुळे राहिले, आणि निवृत्त झाल्यावर अर्ज आणून ठेवला होता. तो टेबलाच्या खणात अजून कोराच आहे.